लिंडहोमची चौथी व्हीलकॅप

ऑर्विल स्कोगलंडने बुधवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं एक भांडं उचललं आणि फ्रीजच्या डोक्यावर ठेवलं. त्याने केलं ते एवढंच. पण अल्डर फॉल्स गावात आजही ऑर्विलचं नाव निघालं की लोक आधी त्याच्या खाण्याविषयी बोलतात आणि मग त्याच्या मोटारीविषयी, त्याचं मूळ ह्या भांड्यात आहे.

भांडं हलवायला कारणही तसंच भारी होतं. त्याच्या दुसऱ्या हातात होती लिंडहोमची चौथी व्हीलकॅप, म्हणजे मोटारीच्या चाकावरचं चकचकीत झाकण.

लिंडहोम म्हणजे काय हे अल्डर फॉल्सच्या बाहेर कुणाला ठाऊक नसतं. युद्ध संपल्यावर ज्याच्याकडे पत्रा होता आणि छातीत थोडा धीर होता, असा जो तो मोटारी काढायला निघाला होता. त्यांतच विस्कॉन्सिनच्या ह्या गावात दुधाचे कॅन बनवणाऱ्या एमिल लिंडहोमनेही कारखाना काढला. तो अडीच वर्षं चालला. तीनशे बारा गाड्या बाहेर पडल्या आणि एकोणपन्नास साली फाटकाला कुलूप लागलं. पण गाडी काय होती! कोवळ्या मटाराचा हिरवा रंग, आणि समोरून बघितलं तर नुकतीच काहीतरी चांगली बातमी ऐकल्यासारखा चेहरा. हीटर असा की बाहेर उणे तीस असताना मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी कोट काढून मांडीवर घ्यावा. आणि डॅशबोर्डाखाली, हीटरच्या तोंडाशीच, पत्र्याचा एक कप्पा. तो कशासाठी? तर घरून निघालेला खिम्या-बटाट्याचा हॉटडिश चर्चच्या दारापर्यंत वाफाळता राहावा म्हणून. बड्या बड्या कंपन्यांत शेकड्याने इंजिनियर बसले होते, त्यांतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

तीनशे बारांपैकी आता नऊ उरल्या होत्या. त्यांतली एक ऑर्विलकडे होती. पाणीखात्यात तीस वर्षं लोकांचे मीटर वाचून निवृत्त झालेल्या ह्या माणसाने ती एका गोठ्यातून, गवताखालून काढली आणि अकरा वर्षं खपून उभी केली. (ह्या अकरा वर्षांत बायकोची गाडी अंगणात बर्फाखाली असायची. लिंडहोम गॅरेजमध्ये, पांघरूण घालून.) इंजिन झालं, रंग झाला, सीटा झाल्या. राहिली ती डाव्या मागच्या चाकाची व्हीलकॅप.

बाकीच्या तिन्ही होत्या. पण मागच्या कॅप पुढच्यांपेक्षा खोल, आणि डाव्या-उजव्यांच्या पाकळ्या उलट दिशांना वळलेल्या. म्हणजे एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणि गंमत अशी की उरलेल्या आठ लिंडहोमवाल्यांपैकी एकाकडेही डावी मागची नव्हती. ऑर्विलच्या मते हे त्या आठ जणांच्या हलगर्जीपणाचं लक्षण होतं. त्याने पत्रं लिहिली, भंगारवाले पालथे घातले, आणि शेवटी ह्या एप्रिलमध्ये आयोवातल्या एका शेतावर ती सापडली. कोंबड्या तिच्यातून पाणी पीत होत्या. शेतावरच्या बाईंना त्याने एनॅमलचं नवंकोरं घमेलं आणून दिलं. कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

मग कॅप मिलवॉकीला, क्रोमचा मुलामा देणाऱ्याकडे गेली. क्रोमवाल्याकडे शंभर लोकांचे सुटे भाग असतात, म्हणून त्याने आपल्या शिस्तीप्रमाणे तिच्या पाठीला कागदी चिकटपट्टी लावून वर शाईने लिहिलं: स्कोगलंड.

एवढी घाई कशासाठी, तर सिग्ने लिंडहोमसाठी. एमिल जाऊन वीस वर्षं झाली होती. त्याची बायको सिग्ने एकोणऐंशीची होती, ॲरिझोनात भाचीकडे राहत होती. कारखाना बंद झाला त्या वर्षीच त्यांनी गाव सोडलं आणि त्यानंतर तिने एकही लिंडहोम पाहिली नव्हती. ऑर्विलने तिला पत्र लिहिलं होतं की तुमच्या यजमानांची गाडी मी तुम्हाला पूर्ण, अगदी कारखान्यातून निघाली तशी, दाखवीन. आयुष्यात त्याने फारशी वचनं दिली नव्हती, पण हे मनापासून दिलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत जे मोडलं, ते बाईंना एकदा तरी धडधाकट दिसावं असं त्याला फार वाटत होतं. सिग्नेचं उत्तर दोन ओळींचं आलं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी दहाला येते. कॉफी काळी घेते.

तर बुधवारी दुपारी कॅप मिलवॉकीहून आली. गॅरेजमध्ये धूळ होती, म्हणून ऑर्विलने ती घरात आणली आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली. तिथे आधीच मार्डेलचा, म्हणजे बायकोचा, जेलीचा तांब्याचा साचा होता. तो गेला फ्रीजवर. मग ऑर्विल समोर बसून कॉफी प्यायला. खिडकीतलं ऊन त्या पाकळ्यांवरून फिरत होतं आणि त्याला कॉफीत साखर घालायचंही भान राहिलं नाही. मग कॅप बसवायला रबरी हातोडा हवा, म्हणून तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. घराला कुलूप लावायची अल्डर फॉल्समध्ये पद्धत नाही.

इकडे गावचे जुने पोस्टमन ऑस्कर टॉर्गरसन एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले होते आणि गुरुवारी त्यांची मयत होती. मयतीनंतरचं जेवण चर्चच्या तळघरात महिला मंडळ घालतं. त्यात जेली अर्डिस टेगनकडे असते, सव्वीस वर्षं तिच्याकडेच आहे. तिचा साचा चेपला होता. मार्डेलने तिला फोनवर सांगितलं होतं की मी फुलांच्या कामाला जातेय, माझा साचा टेबलावर असेल, पाठीला नाव आहे, घेऊन जा.

नाव असणारच. ह्या गावात चर्चला जाणाऱ्या प्रत्येक भांड्याच्या पाठीला कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर आडनाव असतं. ज्याला चिकटपट्टी ते भांडं, ज्याला नाही ते भांडं नाही, इतका साधा हिशेब आहे. अर्डिस आली. टेबलावर एक गोल, खोल, पाकळ्यापाकळ्यांचं, मधे उंचवटा असलेलं, लखलखीत काहीतरी होतं. तिने उलटून पाहिलं. स्कोगलंड. मार्डेलकडे इतका देखणा साचा आहे आणि तिने सव्वीस वर्षांत एकदाही दाखवला नाही, ह्याचं तिला थोडं वाईट वाटलं, आणि ती तो घेऊन गेली.

ऑर्विल परत आला. कॅप जागेवर नव्हती. मार्डेलने कुठेतरी नीट ठेवली असेल, असं त्याला वाटलं. मार्डेल परत आली, टेबल रिकामं दिसलं, अर्डिस साचा घेऊन गेली असं तिने धरलं. विचारायचं कुणी? ह्या घरात 'व्हीलकॅप' हा शब्द उच्चारायचा नाही, असा चार वर्षांपूर्वी करार झाला होता. नाताळच्या जेवणात ऑर्विलने पाकळ्यांच्या दिशेविषयी सासूबाईंना पाऊण तास समजावून सांगितलं होतं, त्या रात्री. संसार टिकला तो त्या कराराने.

गुरुवारी सकाळी मार्डेल लवकर चर्चमध्ये गेली. ऑर्विल मयतीला जाणार नव्हता, त्याला कॅप बसवायची होती. अकरापर्यंत त्याने सगळी कपाटं उघडून पाहिली. मग मान वर केली, तर फ्रीजवर तांब्याचा साचा. त्याने तो उलटला. चिकटपट्टी. स्कोगलंड. ऑर्विल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

चर्चमध्ये पोहोचला तेव्हा प्रार्थना संपून मंडळी तळघरात जेवायला लागली होती. ऑर्विल गॅरेजच्या डगल्यात होता, दोन्ही हातांना ग्रीस. लोकांनी समजूतदारपणे वाट दिली, ऑस्करवर ह्याचा एवढा जीव होता हे कुणाला माहीत नव्हतं. लांब टेबलावर हॅमचे पाव होते, हॉटडिश होते, आणि त्यांच्यामध्ये लिंडहोमची डावी मागची व्हीलकॅप होती. तिच्यात हिरवी जेली थरथरत होती, आत किसलेलं गाजर आणि कोबी. जेली पाकळ्यांत इतकी घट्ट बसली होती की उलटी करूनही सुटेना, म्हणून अर्डिसने साच्यासकटच मांडली होती. कॅप चाकाला धरून ठेवणारे चार पोलादी चाप कडेला उभे होते, त्यांत तिने गाजराची फुलं खोचली होती.

ऑर्विल बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मार्डेलनेही ते आत्ताच पाहिलेलं दिसत होतं, कारण तिचा चेहरा जेलीच्याच रंगाचा झाला होता.

"मार्डेल, ती माझी कॅप आहे," तो कुजबुजला.

"दिसतंय मला."

"त्यातून कोंबड्या पाणी प्यायच्या."

"मग मोठ्याने सांग ना. ऑस्करच्या मुलीने आत्ताच दुसऱ्यांदा घेतली. बापाला पोचवून आलीये ती. सांग तिला, म्हणावं हे चाकाचं झाकण आहे."

अर्डिस पलीकडे नव्या एप्रनमध्ये उभी होती, कान ह्याच दिशेला.

"रिकामं होऊ दे," मार्डेल ओठ न हलवता म्हणाली. "रिकामं झालं की मी म्हणेन, माझा साचा मीच घरी नेऊन धुते. तोवर तोंड बंद."

आता तोंड बंद ठेवणं शक्य होतं, पण पलीकडे मोरी होती. मोरीशी दोन बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात तारेच्या घासण्या होत्या. चर्चच्या बश्यांवर एके काळी निळी फुलं होती म्हणतात. ती ह्या दोघींनी घासून काढली. जेवणं आवरू लागली की त्या अर्धवट भरलेली भांडीसुद्धा ओढून नेत. दोन महिन्यांचं क्रोम त्यांच्यापुढे दोन मिनिटं टिकलं नसतं. आणि जेली तर कुणी घेत नव्हतं. ऑस्करच्या मुलीने घेतली ती दुःखात.

ऑर्विलने बशी उचलली.

त्याला जेली आवडत नव्हती. लिंबाची तर नव्हतीच, आणि जिच्यात कोबी आहे अशी कुठलीही गोड वस्तू त्याला लहानपणापासून बघवत नव्हती. पहिली बशी त्याने उभ्याउभ्याच संपवली. दुसरी घेतली. तिसरी घेताना अर्डिस जवळ आली आणि आवडली का म्हणून हळूच विचारलं.

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाला.

विस्कॉन्सिनच्या त्या भागात ह्याहून मोठी स्तुती नाही. अर्डिसचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षं ती निम्मी जेली परत घरी नेत आली होती. ऑर्विलने चौथी बशी घेतली. पाचव्या बशीला लोकांची बोलणी थांबली. सहावीला पाद्रीबाबा येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. दुःख प्रत्येकाचं वेगळ्या वाटेने बाहेर पडतं, असं काहीसं ते म्हणाले.

आणि मग एकच तुकडा उरला.

इथे खरा घोटाळा झाला. अल्डर फॉल्समध्ये ताटातला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. घ्यायचा नसतो. जो येईल तो त्याचा अर्धा घेतो आणि अर्धा ठेवतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा. असं करत करत नखाएवढा केकचा तुकडा दुपारभर ताटात बसून राहिलेला लोकांनी पाहिला आहे. ऑर्विलने अर्धा घेतला. कुणाला तरी दया येईल म्हणून थांबला. पाद्रीबाबांनी उरलेल्याचा अर्धा घेतला, त्यांच्या बायकोने त्याचा अर्धा. आता सुपारीएवढी जेली उरली होती आणि मोरीवरची एक बाई घासणी झटकत टेबलाकडे निघाली होती. ऑर्विलने एकदा मार्डेलकडे पाहिलं. सदतीस वर्षांचा संसार, तीस वर्षांची सरकारी नोकरी, गावातलं नाव, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने चमचा घातला आणि शेवटचा तुकडा खाल्ला.

तळघरात इतकी शांतता वर प्रार्थनेच्या वेळीसुद्धा नव्हती. मार्डेलने पुढे होऊन व्हीलकॅप उचलली, छातीशी धरली आणि माझा साचा मी घरी धुते म्हणाली. घरी आल्यावर कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने तिनेच ती कॅप धुऊन दिली, एका चापात अडकलेलं गाजर टाचणीने काढलं, आणि पुसून त्याच्या हातात दिली. बाई मोठ्या मनाची. फक्त म्हणाली, "आता ह्या गावात मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही. माझ्या जेवणाला लोक तुझीच गोष्ट काढतील."

शुक्रवारी ऑर्विलने कॅप बसवली. चारी चाकं चमकत होती.

शनिवारी बरोबर दहाला सिग्ने लिंडहोम आली. भाचीने तिला दारात सोडलं आणि स्वतः एका मैत्रिणीकडे गेली. सिग्ने ठेंगणी, ताठ, हातात काठी. काळी कॉफी उभ्यानेच प्यायली आणि गॅरेजमध्ये शिरली. ऑर्विलने पांघरूण काढलं.

सिग्नेने पुढून पाहिलं, दरवाजावर हात ठेवला. आत वाकून हॉटडिशचा कप्पा उघडला आणि बंद केला, परत उघडला. हा माझा हट्ट होता, म्हणाली. एमिल म्हणत होता की मोटार हवी का ओव्हन, आणि मी म्हटलं होतं की मला काय विचारतोस, गिऱ्हाइकाच्या बायकोला विचार. मग ती गाडीला वळसा घालून मागे आली, आणि डाव्या बाजूला थांबली. कपाळाला आठी पडली.

"काहीतरी वेगळं वाटतंय," ती म्हणाली.

रंग असेल का, ऑर्विलने विचारलं. रंग अगदी तोच आहे म्हणाली. मग दाराखालच्या पायरीचं रबर? तेही नाही. कळत नाही म्हणाली, म्हातारपण, दुसरं काय. आणि सरळ पुढचा दरवाजा उघडून आत बसली.

"चल. कारखान्यापर्यंत फिरवून आण."

ऑर्विलने ही गाडी अकरा वर्षांत अंगणापलीकडे चालवली नव्हती. प्रदर्शनांना ती ट्रेलरवर चढून जायची आणि ट्रेलरवरून उतरून यायची. पण समोर बाई बसली होती आणि तिने आपली पर्स मांडीवर नीट ठेवलीही होती. नाही म्हणायचं धैर्य शेवटच्या तुकड्यातच संपलं होतं. त्याने किल्ली फिरवली.

आणि लिंडहोम चालली. नदीकाठच्या रस्त्याला लागली तशी ती गुणगुणू लागली, एखादी बाई एकटी असताना गुणगुणते तशी. खड्डा आला की नुसती मान डोलवायची. ऑर्विलला तिचा प्रत्येक खिळा माहीत होता, पण ही अशी पळते हे माहीत नव्हतं. त्याचा डोळा भरून आला. आपण अकरा वर्षं मोटार जपत होतो की झाकत होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शेजारी सिग्नेने डोळे मिटले होते. इतका हळू जाऊ नकोस, ती म्हणाली, एमिल जोरात चालवायचा. ऑर्विलने पाय दाबला.

दूध डेअरीपाशी रेल्वेचे रूळ आडवे येतात. गाडी रुळांवरून एकदा उडाली, दोनदा उडाली, आणि मागे खणकन आवाज झाला. ऑर्विलने आरशात पाहिलं. लिंडहोमची डावी मागची व्हीलकॅप रस्त्याच्या कडेकडेने, उन्हात झळकत, एकटीच धावत होती. तिने बांधावर एक वळसा घेतला, घसरणीला लागली आणि नदीत गेली. अल्डर नदी तिथे वीस फूट खोल आहे आणि तळाला गाळ आहे.

ऑर्विलने ब्रेक मारला. सिग्ने काठी टेकत खाली उतरली, मागे गेली आणि त्या उघड्या, नटबोल्ट दिसणाऱ्या, गरीब चाकाकडे पाहत राहिली. तिच्या कपाळावरची आठी गेली.

"हां," ती म्हणाली. "आता कशी आमची गाडी दिसतेय."

ऑर्विलही उतरला. ती चौथी कॅप, तो कसाबसा म्हणाला.

"ती राहतच नसे. साचा दुधाच्या कॅनच्या झाकणाचा होता ना, डाव्या मागच्याला जरा सैलच बसायची. कारखाना हा काय, समोर. नवी गाडी फाटकातून निघाली, रुळांवरून गेली, की ती कॅप इथेच पडायची. प्रत्येक गाडीची. एमिल रोज संध्याकाळी पोतं घेऊन यायचा गोळा करायला. पुढे पुढे त्याने ती बनवायचंच सोडून दिलं. चार कॅपची लिंडहोम गावात कधी कुणी पाहिलीच नाही." ती हसली, आणि हसताहसता तिने रुमाल डोळ्यांना लावला. "तुझ्या पत्रात पूर्ण गाडी म्हणून वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, ह्याच्याकडे दुसऱ्याच कुणाची तरी मोटार आहे."

ऑर्विल नदीकडे पाहत उभा होता. पाण्यावर एक बुडबुडा आला आणि फुटला. सिग्नेने त्याच्या दंडावर हात ठेवला. एमिल असता तर तुला मिठी मारली असती, म्हणाली, त्याच्या गाडीवर इतका जीव त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी लावला नव्हता. मग तिला एकदम वाईट वाटलं.

"ती कॅप मिळवायला फार त्रास नाही ना पडला तुला?"

ऑर्विलने तिच्यासाठी दरवाजा उघडून धरला.

"छे," तो म्हणाला. "काही विशेष नाही."